आधी ‘बाँझूर’, मग काम

आपल्या नाशिकची मुलं शिकायला, नोकरीला फ्रान्सला जातात. इंग्रजी येतं, मग अडेल कशाला, असं त्यांना वाटतं. पण अडतं ते पहिल्याच दिवशी, पावाच्या दुकानात. आत शिरून थेट पाव मागितला, तर दुकानदाराचा चेहरा पडतो. तिथे आधी ‘बाँझूर’, म्हणजे नमस्कार म्हणायचा, मग मागायचं आणि निघताना निरोप घ्यायचा. हे न पाळणारे इंग्रज, अमेरिकन म्हणतात, फ्रेंच उद्धट. फ्रेंच म्हणतात, हेच उद्धट!

आता गंमत बघा. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. फ्रेंचमध्ये मात्र ‘त्यू’ आणि ‘व्हू’ असे दोन शब्द. आपले ‘तू’ आणि ‘तुम्ही’च की! घरात, मित्रांत ‘त्यू’. अनोळखी माणसाला ‘व्हू’. इंग्रजांना हे घोकावं लागतं, आपल्याला ते उपजत कळतं. द्वारकेच्या चौकात आपण रिक्षावाल्याला ‘काका, रविवार कारंजाला येता का?’ असंच विचारतो ना? माणसाला केवळ साधन मानू नये, असं कांट सांगतो. त्याची सुरुवात या ‘काका’पासून होते.

पण आपली मुलं तिथे इंग्रजीचा चष्मा लावून वावरतात आणि हे विसरतात. फ्रेंच शिकावी लागतेच. १९९४ च्या तुबाँ कायद्याने नोकरीचा लेखी करारही फ्रेंचमध्ये लागतो. त्याला वेळ लागेल. ‘बाँझूर’ मात्र पहिल्या दिवसापासून म्हणता येतं, बरं का.