गाजर गवताचे बी मरते कुठे?

गाजर गवत नावापुरतेच गवत, कूळ सूर्यफुलाचे. १९५५ साली पुण्यात लक्षात आलेले हे झाड आमच्या सोनपेठच्या गायरानापर्यंत पोचले, आणि माझ्या पडीत रानातही माजले. बी धरल्यावर मी त्यावर नांगर फिरवला. रान स्वच्छ दिसले. चूक तिथेच झाली.

एक झाड 15,000 हून अधिक बिया टाकू शकते. उघड्यावर पडलेले बी बरेचसे काही महिन्यांत निकामी होते. पण 5 सेंटीमीटर खाली गाडलेल्यापैकी निम्म्याहून अधिक 2 वर्षांनंतरही जिवंत सापडले आहे. म्हणजे मी बी मारले नव्हते, पेवात भरून ठेवले होते! पुढे दरवर्षी वखराने त्यातलेच थोडे थोडे वर येत राहिले.

खोलवरचे बी सहसा उगवत नाही. वरच्या थरातल्या बियांवर उगवण रोखणारी द्रव्ये असतात. पाऊस ती धुऊन काढतो. ओल टिकली की रोप उठते आणि महिना-दीड महिन्यात फुलावर येते. तेवढीच काय ती सवड. आता मी पहिल्या पावसानंतर, माती ओली असताना, फुलाआधी मुळासकट उपटतो. हातमोजे घालून, उघड्या हातांची खाज एकदा पुरेशी झाली.