दुकानात ‘थांबा’ म्हणण्याचा हक्क

गेट टेम्पोतून उतरवून दोन खांबांमध्ये उभे केले, तेव्हा ते आठ इंच कमी भरले. गोदाकाठच्या एका शेतकऱ्याच्या मोसंबीच्या बागेसाठी ते आम्ही बनवले होते. खांब आधीच बांधून झालेले, बिजागऱ्याही बसवलेल्या. शेतकरी काही बोलला नाही. नुसता गेटकडे आणि मग आमच्याकडे पाहत राहिला. ते पाहणे आम्हाला शिव्यांपेक्षा जड गेले, कारण जुम्याच्या आधी गेट बसवून देतो अशी जबान अब्बांनी दिली होती.

अंबडला परतल्यावर वही काढली. मापाची ओळ १० फूट ९ इंच अशी होती. घाईत लिहिलेला ९ अब्बांना १ वाटला आणि १० फूट १ इंचाच्या हिशेबाने दोन्ही पल्ले कापले गेले. चहा पिताना दुकानातला पोरगा हळूच म्हणाला की, माप घेताना टेपचे दुसरे टोक त्यानेच धरले होते. नऊ इंच त्याला आठवत होते. कापताना त्याला शंकाही आली होती.

“मग बोलला का नाहीस?” चाचांनी विचारले.

“उस्ताद काट रहे थे,” तो म्हणाला.

पाइप, वेल्डिंगचे रॉड, दोन दिवसांची मजुरी आणि टेम्पोचे जाण्या-येण्याचे भाडे धरून सात हजारांच्या आसपास खड्डा पडला. पण त्या रात्री दस्तरखानावर पैशांपेक्षा त्या पोराच्या वाक्याचीच चर्चा जास्त झाली. आमच्या दुकानात अब्बा, चाचा, आम्ही दोघे भाऊ आणि तीन पोरे मिळून गेट, ग्रिल, पत्र्याचे शेड आणि ट्रॉलीची दुरुस्ती करतो. लोखंड जालन्याहून येते. अब्बांचा हात सफाईचा आहे, हे अंबडमध्ये कोणीही सांगेल. त्यांच्यासमोर ‘हे चुकतंय’ म्हणण्याची हिंमत मात्र आम्हा मुलांनाही नव्हती. मग त्या पोराला कुठून येणार?

धाकटा भाऊ आयटीआय करून आठ वर्षे वाळूजला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत होता. तो म्हणाला, “आमच्या लाइनवर कोणताही कामगार दोरी ओढून काम थांबवू शकत होता. साहेब येऊन आधी विचारायचे की काय झालं. कुणी थांबवलं, हे नंतर.” अब्बांना ते पटले नाही. काम थांबवणारा कामगार त्यांनी कधी ठेवलाच नव्हता.

ही पद्धत जपानच्या टोयोटा कंपनीतून जगभर गेली. आपल्याकडे १९८२ मध्ये मारुतीचा सुझुकीशी आणि १९८४ मध्ये बजाज ऑटोचा कावासाकीशी करार झाला. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग बनवणारे कारखाने उभे राहिले. कायझेन, फाइव्ह एस, कानबान हे शब्द अशा कारखान्यांत गेलेल्या मराठवाड्यातल्या पोरांच्या तोंडी बसले आहेत. कायझेन म्हणजे रोज थोडी थोडी सुधारणा. ‘लीन’ हे नाव या पद्धतीला १९८० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या अभ्यासकांनी दिले. ज्या खटपटीचे गिऱ्हाईक पैसे देणार नाही, ती खटपट कामातून काढून टाकायची, एवढाच त्याचा अर्थ.

या सगळ्याचे मूळ मोटारीत नाही, मागात आहे. मालेगाव किंवा भिवंडीत ज्यांचे नातेवाईक आहेत, त्यांना हे लगेच समजेल. तिथल्या अनेक जुन्या साध्या मागांवर ताण्याचा धागा तुटला तरी माग चालतच राहतो. विणकराची नजर पडेपर्यंत कापड खराब होत जाते. टोयोटा घराण्याचे मूळ पुरुष साकिची टोयोडा हे माग बनवणारे कारागीर होते. त्यांनी १९२४ मध्ये पूर्ण केलेला माग धागा तुटला की आपोआप थांबत असे. त्यामुळे एक माणूस अनेक माग सांभाळू शकत होता आणि खराब कापड पुढे जात नव्हते. १९२९ मध्ये या मागाचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने विकत घेतले. १९३७ मध्ये याच घराण्याने मोटारीची कंपनी काढली. पुढे ताइची ओनो या इंजिनिअरने तुटल्या धाग्याला थांबणाऱ्या मागाची गोष्ट माणसांना लावली. चूक दिसली की ज्याला दिसली त्याने थांबवायचे.

अब्बांनी हे सगळे ऐकून घेतले आणि “हौ, देखेंगे” म्हणाले. आमच्या घरात याचा अर्थ ‘नाही’ असा होतो.

म्हणून भावाने घंटेची गोष्ट तात्पुरती बाजूला ठेवली आणि ज्यावर भांडण होणार नाही तिथून सुरुवात केली. एक दिवस तो कोपऱ्यात वही घेऊन बसला आणि आम्ही काय काय शोधतो ते लिहीत गेला. टेप, खडू, ग्राइंडरचा पाना, गुण्या. संध्याकाळपर्यंत २३ नोंदी झाल्या. पाना एकट्याने सहा वेळा हरवला होता. दुसऱ्या दिवशी भिंतीवर एक फळी ठोकली आणि प्रत्येक हत्याराच्या मागे रंगाने त्याचाच आकार काढला. जागा रिकामी दिसली की हत्यार बाहेर आहे. आता पाना ग्राइंडरलाच साखळीने बांधलेला असतो. कंपन्यांत याला फाइव्ह एस म्हणतात. नको ते काढा, हवे ते जागेवर ठेवा, साफ करा, नियम ठरवा आणि तो पाळा. चाचा म्हणाले, “तुझी अम्मी स्वयंपाकघरात तीस वर्षे हेच करते, तिला कोणी जपानला बोलावलं नाही.”

पाइप दुकानाच्या मागे आणि कटर पुढे होता. त्यामुळे प्रत्येक वीस फुटी पाइप वेल्डिंग चालू असलेल्या जागेतून न्यावा लागे आणि तेवढा वेळ सगळे थांबत. कटर मागे नेला. ग्राइंडिंग आणि रंगकाम एकाच वेळी चालायचे, म्हणून ओल्या रंगावर लोखंडाची धूळ बसायची आणि पुन्हा हात मारावा लागायचा. आता ग्राइंडिंग जोहरपर्यंत संपवायचे आणि रंग असरच्या आधी द्यायचा. यातल्या कशालाही पैसा लागला नाही, आणि इतकी वर्षे हे का सुचले नाही याची थोडी शरम वाटली.

सगळ्यात जास्त फरक कापण्याच्या यादीने पडला. वीस फुटी पाइपमधून गेटचे सात फुटांचे दोन तुकडे काढले की सहा फूट उरतात. ते कोपऱ्यात पडायचे आणि शेवटी भंगारात जायचे, घेतल्या भावाच्या जवळपास निम्म्या भावाने. पुढच्या आठवड्यात खिडकीच्या ग्रिलला पावणेतीन फुटांचे तुकडे लागत, तेव्हा आम्ही नवा पाइप कापायचो. आता आठवड्याची सगळी कामे एका कागदावर मांडूनच कापतो. त्या सहा फुटांत ग्रिलचे दोन तुकडे निघतात आणि हातात जेमतेम अर्धा फूट उरतो. वाहत्या नदीवर वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. लोखंडाच्या कोपऱ्याकडे पाहून इसराफ हा शब्द आम्हाला कधी आठवला नव्हता.

वेल्डिंगच्या रॉडसाठी कानबान केले. नाव मोठे आहे, काम एका चिठ्ठीचे. खालून दुसऱ्या पाकिटाला लाल चिठ्ठी बांधलेली असते. ते पाकीट फोडताना चिठ्ठी हातात आली की त्याच दिवशी मागणी द्यायची. पूर्वी रॉड संपल्यावर एक जण जालन्याला पळायचा आणि बाकीचे बसून राहायचे.

घरातही याचा उपयोग झाला. भाभी जूनमध्ये शाळेचे गणवेश शिवतात. आधी वीस शर्ट एकदम कापायचे, मग वीस कॉलर, मग वीस बाह्या, अशी त्यांची पद्धत होती. एका वर्षी गळा लहान निघाला आणि तो कळेपर्यंत विसांचे विसही शर्ट बिघडले होते. आता त्या आधी एक शर्ट पूर्ण करून मुलाच्या अंगावर घालून पाहतात, मग बाकीचे कापतात.

घंटेची गोष्ट रमजानमध्ये सुटली, आणि ती भावाने नाही, मौलानांनी सोडवली. बयानात हजरत अनस (रजि.) यांचा प्रसंग आला. त्यांनी दहा वर्षे प्रेषितांची (स.) सेवा केली, पण ‘हे का केलंस’ किंवा ‘हे का केलं नाहीस’ असे त्यांना एकदाही ऐकावे लागले नाही. अब्बा घरी आले ते गप्पच. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः अँगलचा एक तुकडा तारेने टांगला, शेजारी बोल्ट बांधला आणि पोरांना सांगितले, “शंका आली की वाजवा. मी कापत असलो तरी.”

तीन आठवडे कोणी वाजवली नाही. मग त्याच पोराने वाजवली. कटर थांबला. माप पुन्हा घेतले, ते बरोबर होते. शंका चुकीची निघाली. पोरगा पांढराफटक पडला आणि आम्ही सगळे अब्बांकडे पाहू लागलो. ते म्हणाले, “बरं झालं विचारलंस,” आणि पुन्हा कापू लागले. त्या दिवशी ते रागावले असते, तर तो तुकडा नुसता टांगलेलाच राहिला असता. त्यानंतर महिन्यातून दोन-तीनदा घंटा वाजते आणि कधी कधी खरी ठरते. लोहारकाम करणाऱ्यांनी सूरह सबा जरूर वाचावी. अल्लाहने हजरत दाऊद (अ.) यांच्यासाठी लोखंड मऊ केले, आणि त्याबरोबरच चिलखताच्या कड्या मापात बनवण्याची आज्ञाही दिली.

भावाने एक कडू गोष्टही सांगितली. वाळूजच्या त्याच्या कंपनीत सुधारणा सुचवणाऱ्याला प्रमाणपत्र मिळायचे. त्याने एका जोडणीची जागा बदलून वेळ वाचवण्याचा उपाय सुचवला. तो मान्य झाला, फोटो लागला आणि पुढच्या महिन्यात त्या जागेवरचे दोन कंत्राटी कामगार कमी केले गेले. त्यातला एक त्याच्याच खोलीत राहत होता. त्यानंतर त्याने काही सुचवले नाही आणि लाइनवरच्या इतर कोणीही नाही. ही पद्धत कामातला फालतूपणा काढण्यासाठी आहे. मालक तिच्या नावाखाली माणसे काढू लागला, तर कामगार डोळे मिटून घेतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

म्हणून आमच्या दुकानात आधी हे ठरले की वाचलेल्या वेळेमुळे कोणालाही घरी पाठवायचे नाही. दुसरे, भंगार कमी झाल्याने जे वाचेल त्याचा अर्धा भाग ईदला पोरांना द्यायचा. दुसऱ्या मुद्द्यावर चाचा आणि भाऊ यांच्यात आठ दिवस अबोला होता. चाचांचे म्हणणे होते की मजुरी वेळेवर देतो, घाम वाळायच्या आत देतो, मग हे वेगळे कशाला? अम्मी म्हणाली, “घंटा त्यांनी वाजवायची आणि बरकत आपण खायची का?” अबोला तिथेच संपला.

ज्यांचे लहान कारखाने आहेत आणि ज्यांनी उद्यम नोंदणी केली आहे, त्यांनी केंद्र सरकारच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाची लीन योजना पाहावी. ती मार्च २०२३ मध्ये नव्या रूपात सुरू झाली. तिच्यात तीन पायऱ्या आहेत आणि सल्लागाराच्या खर्चाचा मोठा वाटा सरकार उचलते. आमचे दुकान फळी, चिठ्ठी आणि अँगलच्या तुकड्यावरच चालले आहे, पण नोंदणी आम्हीही करून घेतली. शिवणकाम किंवा मसाल्याचा घरगुती उद्योग करणाऱ्या बहिणींनाही ही नोंदणी करता येते आणि ती मोफत आहे.

गोदाकाठच्या शेतकऱ्याला नवे गेट चौथ्या दिवशी बसवून दिले. जुने, आठ इंच कमी पडलेले, अजून दुकानाच्या भिंतीला टेकून उभे आहे. भाऊ म्हणतो की हा अडकून पडलेला माल आहे, कापून पाइप वापरात आणावे. अब्बा ऐकत नाहीत. १० फूट १ इंचाचे गिऱ्हाईक येईल, असे ते म्हणतात, आणि दर पंधरा दिवसांनी त्याच्यावरची धूळ स्वतः पुसतात.