पहिल्या हाकेला ओ देणारी बाई

भयकथा लिहू पाहणारे बरेच जण मला भेटतात आणि बहुतेकांची सुरुवात सारखीच असते : ‘एक जबरदस्त कल्पना सुचली आहे.’ पडका वाडा, विहिरीतून येणारा आवाज, आरशात दिसणारा दुसराच चेहरा. कल्पना खरोखर चांगली असते, पण दोन पानं लिहून झाली की गाडी अडते. कारण सुचलेली असते ती भीती. गोष्ट अजून सुचायची असते.

मेरी शेलीला १८१६च्या उन्हाळ्यात जिनिव्हाजवळ ‘फ्रँकेन्स्टाइन’ सुचलं, तेव्हा ती अठरा वर्षांची होती. निर्जीव देहात प्राण फुंकले जातात, एवढंच बीज. १८१८ साली छापून आलेली कादंबरी मात्र, जन्माला घालणाऱ्यानेच टाकून दिलेल्या जिवाची आहे. बीज आणि कथा यांत एवढं अंतर असतं.

आपण घरचंच एक बीज घेऊ. रात्री दारातून हाक आली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये, कारण भूत एकदाच हाक मारतं. माझ्या आजीचा हा कायदाच होता. यावर कथा लिहायची म्हटलं की लोक थेट अंगणात जातात : कोण उभं आहे, केस कसे, पाय उलटे का? मी म्हणतो, भुताला जरा बाहेरच थांबू द्या. आधी घरात कोण आहे ते ठरवा. घरात तुमच्या-माझ्यासारखा माणूस असेल, तर तो डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपेल आणि कथा तिथेच संपेल. पहिल्या हाकेला उठल्यावाचून ज्याला गत्यंतर नाही, असा माणूस हवा.

गावची सुईण! रात्रीची हाक हेच तिचं काम. ती थांबली, तर तिकडे बाई दगावते. आता नियम पाळण्यातही धोका आणि मोडण्यातही. काळ १९६०च्या आसपासचा ठेवू; मोबाइल आला की ही हाकच मरते.

मग प्रश्न येतो, आजच काय घडतंय? ती तर तीस वर्षं ओ देत आली आहे. समजा, दोन वर्षांपूर्वी भर पावसात ती दमूनभागून पडली होती. हाक आली. तिने मनाशी म्हटलं, दुसरी येऊ दे. दुसरी आलीच नाही. बोलवायला आलेला नवरा घाबरून पुढच्या वाडीकडे धावला होता. सकाळी कळलं, बाळंतीण गेली आणि पोरही गेलं. तेव्हापासून रोज रात्री एक हाक येते : ‘मावशी!’ बाईच्या आवाजात, एकदाच. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते, हे मराठी वाचकाला ठाऊक असतं; आपण तो शब्द काढायचाही नाही. आणि ती रोज उठते, कारण एखाद्या रात्रीची हाक खरी असेल तर?

निवेदन प्रथमपुरुषी की तृतीयपुरुषी, यावर फार घोळ घालू नये. भेसूर, भयाण, काळाकुट्ट ही विशेषणं मात्र निर्दयपणे काढावीत. त्याऐवजी कंदिलाची काजळी, उशाशी बांधून ठेवलेलं गाठोडं, दाराची कडी दिसू द्या. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांत भीती अशीच साध्या घरातून येते. आणि दाखवायचं किती? डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्जच्या १९०२च्या ‘द मंकीज पॉ’मध्ये मेलेला मुलगा दार ठोठावतो, पण वाचकाला तो शेवटपर्यंत दिसत नाही.

राहिला शेवट. इथे नवा लेखक हमखास स्वतःचाच नियम मोडतो. भूत सोयीने दोनदा हाक मारतं. तसं करायचं नाही. माझ्या कथेत एका रात्री हाक येते आणि पाठोपाठ दुसरीही येते. दोन वर्षांत पहिल्यांदाच. सुईणीच्या जिवात जीव येतो; खरंच कोणीतरी अडलं आहे! ती गाठोडं उचलते, कडी काढते. दाराला हात लागल्यावर तिच्या ध्यानात येतं, की दुसरा आवाज जरा बोबडा होता.