अठरा वर्षांखालील मुलें आणि वाहन हांकण्याचा परवाना

धारूरच्या बाजारच्या दिवशीं किंवा महाविद्यालय सुटण्याच्या वेळीं रस्त्याच्या कडेस घटकाभर उभें राहिलें, तर जें दृश्य दिसतें तें आमच्या बहुतेक वाचकांच्या घरचेंच असतें. मिसरूड न फुटलेला मुलगा बापाची मोटारसायकल हांकीत आहे, मागें दोन सोबती बसले आहेत, आणि तिघांच्याहि डोक्यावर शिरस्त्राण नाहीं. ऊंसाच्या हंगामांत याच वयाचा दुसरा मुलगा ट्रॅक्टरच्या बैठकीवर बसून तेलगांवच्या कारखान्याकडे भरलेली ट्रॉली नेत असतो. घरचें कोणी रागें भरत नाहीं. उलट मुलगा कामाचा झाला म्हणून कौतुकच होतें.

हें कौतुक कोठून आलें हें आम्हांस ठाऊक आहे. आपल्याकडे बारा वर्षांचें पोर बैलगाडी जुंपून शेतांत खत नेऊन टाकीत असे, आणि त्यांत कोणास वावगें वाटत नसे. परंतु बैलास वाट ठाऊक असते. समोर खड्डा आला कीं तो आपण होऊन थबकतो आणि हांकणारा झोंपला तरी गाडी घरीं आणतो. यंत्रास डोळे नाहींत. बैलगाडीवरून मोटारीकडे येतांना आपण वाहन बदललें, मुलांच्या हातीं तें देण्याची रीत मात्र जुनीच ठेविली. त्या रीतीस कायदा काय म्हणतो, आणि तिची किंमत घरच्या कर्त्या माणसास कशी मोजावी लागते, हें सांगण्यासाठीं हा लेख आहे.

अठरा वर्षांची अट नवी नाहीं. ब्रिटिश हिंदुस्थानांत १९३९ सालीं झालेल्या मोटार वाहन कायद्यांतहि ती होतीच. आपला बीड जिल्हा तेव्हां निजामाच्या राज्यांत होता, एवढेंच. सध्यांचा कायदा १९८८ सालचा असून तो १ जुलै १९८९ पासून अमलांत आहे. त्याच्या चौथ्या कलमाप्रमाणें अठरा वर्षें पुरीं होण्यापूर्वीं कोणासहि सार्वजनिक जागीं मोटार वाहन हांकतां येत नाहीं, आणि मालाची किंवा उतारूंची वाहतूक करणारें वाहन असल्यास वयाची अट वीस वर्षांची आहे. सोळा वर्षांच्या मुलास सवलत एकच : ज्या दुचाकीच्या इंजिनाची शक्ति ५० घनसेंटीमीटरांहून अधिक नाहीं, ती त्यास हांकतां येते, तीहि परवाना काढून, आणि पालकानें लेखी संमति दिली तरच. दुकानांत उभ्या असलेल्या पेट्रोलच्या स्कुटरी व मोटारसायकली बहुतेक सर्व शंभर घनसेंटीमीटर किंवा त्याहून मोठ्या असतात. म्हणून “सोळा वर्षांस परवाना मिळतो” असें जें पारावर ऐकूं येतें, तें अर्धें खरें व व्यवहारांत निरुपयोगी आहे. विजेवर चालणाऱ्या ज्या अगदीं हलक्या गाड्यांची शक्ति पाव किलोवॅटपेक्षां कमी व वेग ताशीं २५ किलोमीटरांच्या आंत असतो, त्यांस विहित अटी पाळल्या असल्यास मोटार वाहन समजत नाहींत. परंतु विकणाऱ्याच्या तोंडच्या शब्दावर न जातां तसा दाखला कागदावर पाहून घ्यावा.

आतां शेतकऱ्याचा नेहमींचा प्रश्न : आपल्याच शेतांत मुलानें ट्रॅक्टर चालविला तर? कायद्याचे शब्द “सार्वजनिक जागा” असे आहेत, म्हणजे जेथें येण्याजाण्याचा लोकांस हक्क आहे अशी जागा. स्वतःच्या वावरांत बांधाच्या आंत नांगरट चालली असतां परवान्याचा प्रश्न येत नाहीं. पण पाणंद, शिवरस्ता, गांवांतील गल्ली, मोंढ्याचें आवार या लोकांच्या जाण्यायेण्याच्या जागा होत. घरापासून वावरापर्यंतचा रस्ता त्यांतच येतो, आणि ट्रॅक्टर त्या रस्त्यावरूनच जातो, हें विसरूं नये.

आणि कायदा बांधाशीं थांबला म्हणून धोका तेथें थांबत नाहीं. रुतलेली ट्रॉली किंवा झाडाचा बुंधा ओढण्यासाठीं सांखळी आंसाच्या वरच्या बाजूस बांधली, तर ट्रॅक्टरचें तोंड उचललें जाऊन तो मागें उलटतो, आणि तें इतक्या झटपट होतें कीं उडी मारण्यास सवड मिळत नाहीं. रोटाव्हेटरला शक्ति देणारा फिरता दांडा उघडा असल्यास धोतराचा सोगा किंवा ओढणीचा पदर त्यांत गुंडाळला जातो. चिखलणीच्या वेळीं एकाच चाकास ब्रेक लावून वळतां यावें म्हणून ट्रॅक्टरला उजवा व डावा असे दोन ब्रेक असतात. रस्त्यावर येतांना ते खिटीनें एकत्र जोडलेच पाहिजेत. ही खिटी न लावतां वेगांत एकच पायटा दाबला गेला तर ट्रॅक्टर जागीं गरकन् फिरतो. कित्येक जाणत्या चालकांससुद्धां याचें भान राहत नाहीं. पोराची गोष्ट तर बोलावयासच नको.

धारूरकरांस घाटाविषयीं वेगळें सांगण्याचें कारण नाहीं. बालाघाटाच्या डोंगरांतून माजलगांवच्या बाजूस उतरणारा आपला घाट अरुंद व वळणांचा आहे, आणि हंगामांत त्यांतून ऊंसाच्या गाड्या जात असतात. उतारावर डिझेल वांचेल म्हणून गिअर काढून गाडी मोकळी सोडण्याची खोड पुष्कळांस आहे. तशी सोडली कीं इंजिनाची ओढ सुटते, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक धरीत नाहींत. ट्रॉलीस स्वतःचा ब्रेक नसला तर मागचा ऊंस ट्रॅक्टरला पुढें ढकलतो आणि वळणावर त्यास आडवा पाडतो. ज्या गिअरमध्यें घाट चढावा लागतो त्याच गिअरमध्यें तो उतरावा, हा नियम सोपा आहे. पण तो अंगीं मुरण्यास वय व सराव लागतो. चार आण्यांचें डिझेल वांचविण्याच्या नादांत दोन बैलजोड्यांच्या किमतीची ट्रॉली दरींत घालविणें हा कोठला हिशेब?

मुलगा पकडला गेला तर फार तर दंड होईल अशी समजूत आहे. ती १ सप्टेंबर २०१९ पासून खोटी ठरली आहे. त्या दिवशीं अमलांत आलेल्या दुरुस्तीनें कायद्यांत “१९९-अ” हें कलम घातलें गेलें. अल्पवयीन मुलानें मोटार वाहन कायद्याखालील अपराध केला, तर त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. त्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड सांगितला आहे. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांपुरती रद्द होते, म्हणजे ऐन हंगामांत तें दारांत उभें राहतें. आणि त्या मुलास पंचवीस वर्षें पुरीं होईपर्यंत परवाना मिळत नाहीं. ज्या घरचा मुलगा पुढें चालक होऊन किंवा स्वतःचें वाहन घेऊन पोट भरणार, त्याचीं सात-आठ वर्षें अशीं जातात.

या कलमांतील दोन गोष्टींकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. पहिली अशी कीं अपघात व्हावाच लागतो असें नाहीं. विनापरवाना वाहन हांकणें हाच मुळीं अपराध आहे. दुसरी अशी कीं वाहन तुमच्या संमतीनेंच मुलानें नेलें असें न्यायालय धरून चालतें. आपणांस ठाऊक नव्हतें, किंवा मुलानें नेऊं नये म्हणून आपण योग्य ती सर्व काळजी घेतली होती, हें पालकानें सिद्ध करावयाचें असतें. किल्ली खुंटीवर टांगलेली, आणि मुलगा रोज त्याच गाडीवर शिकावयास जातो हें साऱ्या गल्लीस माहीत. अशा घरच्या मालकाचें म्हणणें कोण ऐकणार? ऊंसतोडीस गेलेल्या आईबापांच्या पाठीमागें गाडी घरींच राहते, त्यांनीं किल्ली कोणाच्या हवालीं केली याचाहि विचार करावा.

पुण्यास कल्याणीनगरांत १९ मे २०२४ रोजीं पहांटेच्या सुमारास एका महागड्या मोटारीच्या धडकेनें दुचाकीवरील दोन तरुण माणसें मरण पावलीं. मोटार सतरा वर्षांचा मुलगा हांकीत होता असा आरोप आहे. बालन्याय मंडळानें प्रथम जामीन देतांना त्यास तीनशें शब्दांचा निबंध लिहिण्यास सांगितलें, यावर देशभर गदारोळ झाला. मुलाच्या वडिलांसहि अटक झाली. हें धनवंतांचें प्रकरण म्हणून आपण वर्तमानपत्र बाजूस ठेवितों; कलम मात्र मोटारीची किंमत विचारीत नाहीं.

कैद व दंड यांहूनहि जमीनदारास जड जाणारी गोष्ट निराळीच आहे, आणि तिचा उच्चार फारसा कोणी करीत नाहीं. मुलाच्या हातून कोणी मेलें किंवा जन्माचें पंगु झालें, तर मोटार अपघात न्यायाधिकरण भरपाई ठरवितें. विमा आहे म्हणून आपण निर्धास्त असतों. परंतु परवाना नसलेल्याच्या हातीं जाणूनबुजून वाहन देणें हा विम्याच्या कराराचा भंग आहे. सर्वोच्च न्यायालयानें २००४ सालीं स्वर्णसिंग प्रकरणांत जो मार्ग सांगितला, त्याप्रमाणें अशा वेळीं विमा कंपनीनें जखमीस किंवा मृताच्या वारसांस पैसे द्यावे आणि तेच पैसे मालकाकडून परत घ्यावे, असा आदेश होऊं शकतो. आणि कायद्याच्या १७४ व्या कलमान्वयें अशी रक्कम जिल्हाधिकारी जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणें वसूल करूं शकतात. थकबाकीची वसुली म्हणजे काय, हें सातबाऱ्यावर नांव असलेल्या वाचकास आम्हीं सांगावयास नको. मिळवता माणूस गेलेल्या घराची भरपाई लाखांच्या घरांत जाते; तेवढ्या रकमेस किती एकर कोरडवाहू लागेल, याचा हिशेब ज्यानें त्यानें आपल्या शिवाराच्या भावानें करावा.

मुलगा अठरा वर्षांचा झाला कीं काय करावें, तें आतां थोडक्यांत सांगतों. प्रथम शिकाऊ परवाना. त्याचा अर्ज परिवहन खात्याच्या “सारथी” या संकेतस्थळावर होतो. वयाच्या पुराव्यासाठीं शाळा सोडल्याचा दाखला जपून ठेवावा. वाहतुकीचीं चिन्हें व नियम यांवर लहानशी परीक्षा असते. गोल चिन्ह हुकूम सांगतें, त्रिकोणी चिन्ह धोक्याची सूचना देतें आणि चौकोनी चिन्ह माहिती देतें, एवढें ध्यानांत ठेविलें तरी निम्मी परीक्षा सोपी होते. दृष्टीबद्दल खरें लिहून द्यावें : दिवसाच्या चांगल्या उजेडांत पंचवीस मीटरांवरून मोटारीच्या पाटीवरील नंबर वाचतां आला पाहिजे. न वाचतां आल्यास लाजूं नये, चष्मा घ्यावा.

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. तो मिळाला म्हणजे रस्ता मोकळा झाला असें मात्र नव्हे. शेजारीं, आणि दुचाकी असल्यास मागें, पक्का परवाना असलेला शिकविणारा बसला पाहिजे, आणि गाडी थांबवितां येईल अशा रीतीनें बसला पाहिजे. दुचाकीवर त्याच्याखेरीज दुसरें कोणी नको. पुढें व मागें अठरा सेंटीमीटर चौरस पांढऱ्या पाटीवर तांबडें “एल” अक्षर लावावें. हीं पाटी लाजेखातर काढून ठेवणारीं मुलें आम्हीं पाहिलीं आहेत. मागून येणारा तिच्यामुळेंच जपून चालतो, हें त्यांस कोणी सांगत नाहीं.

तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची परीक्षा देतां येते, आणि ती ज्या जातीच्या वाहनासाठीं परवाना हवा त्याच वाहनावर होते. आपला गांव ज्याच्या हद्दींत येईल त्या बीड किंवा अंबाजोगाई येथील परिवहन कार्यालयाकडे चौकशी करावी. चढावर गाडी थांबवून मागें न घसरतां पुन्हां सुरू करणें आणि गाडी मागें घेणें, या दोन ठिकाणीं मुलें अडखळतात. त्यांचा सराव वावरांत आधींच करून घ्यावा. तीन वेळां नापास झाल्यास पुढच्या परीक्षेस साठ दिवस थांबावें लागतें. मध्यस्थास पैसे देऊन परीक्षेवांचून परवाना आणणारा मुलगा घाटांत त्या मध्यस्थास बोलावूं शकणार नाहीं.

ट्रॅक्टरसाठीं : ज्याचें रिकामें वजन ७,५०० किलोंच्या आंत आहे तो ट्रॅक्टर हलक्या मोटार वाहनाच्या वर्गांत येतो, आणि आपल्याकडील सर्व ट्रॅक्टर त्या आंतले आहेत. मागें ट्रॉली जोडली म्हणून ट्रॅक्टरचा परवाना निकामी होत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २००१ सालींच सांगितलें आहे. भाड्यानें ऊंस वाहावयाचा असेल तेथें वीस वर्षांखालील चालक ठेवूं नये, असें आमचें मत आहे.

तोंपर्यंत मुलांनीं शिकावयास जावें कसें? मुलींस बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेंतून एस. टी. चा प्रवास मोफत आहे. मुलांस सवलतीचा पास मिळतो. गाडी वेळेवर येत नाहीं ही तक्रार खरी असेल तेथें गांवकऱ्यांनीं ग्रामपंचायतीचा ठराव करून आगारप्रमुखांकडे अर्ज द्यावा, आणि शाळा-महाविद्यालयांच्या वेळा त्यांत लिहाव्या.