शर्यत गाडीची कीं माणसाची?

विद्यार्थिमित्रहो, शाळेच्या क्रीडासामन्यांत पोत्यांची शर्यत तुम्हीं सर्वांनीं पाहिलीच आहे. सर्व मुलांना सारख्या मापाचीं पोतीं द्यावयाचीं, हा तिचा पहिला नियम. एकाचें पोतें गुडघ्यापर्यंत आणि दुसऱ्याचें गळ्यापर्यंत असेल, तर जिंकलें कोण, मुलगा कीं पोतें, हें कोणासच सांगतां येणार नाहीं. अमेरिकेंतील मोटारींच्या शर्यतींत हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उत्पन्न होतो. तेथील लोकांनीं तो सोडविण्याचे जे यत्न केले, त्यांविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या शर्यतींस ‘स्टॉक कार’ शर्यती म्हणतात. स्टॉक कार म्हणजे दुकानांत कोणासही विकत मिळणारी साधी मोटार. आतां हा अर्थ बहुतेक नांवापुरताच उरला असून गाड्या शर्यतीसाठींच मुद्दाम बांधतात. ज्या अंडाकृति मार्गाचा एक फेरा मैलाहून कमी भरतो, त्यास ‘शॉर्ट ट्रॅक’ हें नांव आहे. व्हर्जिनिया संस्थानांतील मार्टिन्सव्हिल येथील प्रसिद्ध मैदान १९४७ सालीं सुरू झालें. त्याचा फेरा अर्ध्या मैलाहून किंचित् अधिक आहे. नॉर्थ कॅरोलायनांतील विन्स्टन-सेलम येथें तर फुटबॉलच्या मैदानाभोंवतीं पाव मैलाच्या मार्गावर गाड्या धांवतात. अशा लहान मैदानांवर उतरणारे पुष्कळ लोक आठवडाभर कारखान्यांत, शेतावर किंवा दुकानांत राबणारे असतात. शनिवारची रात्र ही त्यांची हौसेची रात्र. म्हणून एंजिनाचा नियम हा त्यांच्या दृष्टीनें केवळ खेळाचा नव्हे, तर संसाराच्या जमाखर्चाचाही प्रश्न आहे.

या शर्यतींची सर्वांत मोठी संस्था नॅस्कार ही होय. बिल फ्रान्स यांच्या पुढाकारानें १९४७ च्या डिसेंबरांत डेटोना बीच येथें बैठक भरून १९४८ सालीं ती स्थापन झाली. कारखान्यांतून आली तशीच गाडी पळवावयाची, या अटीवर तिची पहिली शर्यत १९ जून १९४९ रोजीं शार्लट येथील पाऊण मैलाच्या मातीच्या मार्गावर झाली. ग्लेन डनवे हा फोर्ड गाडी घेऊन पहिला आला. परंतु तपासणींत असें आढळलें कीं, त्या गाडीच्या मागील कमानींत फेरफार केला होता. चोरट्या दारूची वाहतूक करणारे लोक ओझ्यानें गाडी बसूं नये आणि वळणावर डगमगूं नये म्हणून अशी युक्ति करीत. डनवे बाद ठरला व दुसरा आलेला जिम रोपर यास विजयी म्हणून जाहीर करण्यांत आलें. गाडीच्या मालकानें न्यायालयांत दाद मागितली, पण ती फेटाळली गेली. नियम करण्याचा आणि तो पाळला गेला कीं नाहीं हें पाहण्याचा संस्थेचा अधिकार अशा रीतीनें पहिल्याच शर्यतीच्या निमित्तानें कायम झाला.

आतां एंजिनाकडे वळूं. एंजिनांत सिलिंडर नांवाचीं पोकळ नळकांडीं असतात व प्रत्येकांत एक दट्ट्या वरखालीं सरकतो. दट्ट्या जेवढी जागा व्यापून सरकतो, तेवढें पेट्रोल-हवेचें मिश्रण आंत शिरतें, आणि जेवढें मिश्रण अधिक तेवढी शक्ति अधिक. म्हणून नियमांत पहिलें बंधन या घनफळाचें असतें. भूमितीच्या तासाला शिकलेलें सूत्रच येथें उपयोगीं पडतें. शेव्हरोले कंपनीच्या एका प्रसिद्ध एंजिनांत नळकांड्याचा व्यास ४ इंच, दट्ट्याची धांव ३.४८ इंच व नळकांडीं ८ आहेत. गुणाकार करून पाहा. उत्तर सुमारें ३५० घन इंच येईल. आतां व्यास केवळ तीन शतांश इंचानें वाढवा. घनफळ ३५५ घन इंच होतें! वर्तुळाचें क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें, म्हणून डोळ्यांस न दिसणाऱ्या खरवडीनें एवढा फरक पडतो. यासाठींच तपासनीस नजरेवर विसंबत नाहीं, तर एंजिन उघडून मापें घेतो.

परंतु घनफळ सारखें झालें म्हणजे एंजिनें सारखीं झालीं असें नाहीं. ज्याच्याजवळ पैसा अधिक, तो हलके दट्ट्ये व उत्तम झडपा बसवून त्याच घनफळांतून कितीतरी अधिक शक्ति काढतो. मग त्याच्या बरोबरीस येण्यासाठीं दुसऱ्यानें कर्ज काढावें, नाहीं तर घरीं बसावें. घरीं बसणारे वाढले कीं मैदान ओस पडतें, आणि धनवानालाही शर्यत करावयास कोणी उरत नाहीं.

यावर एक तोड निघाली ती मोठी चातुर्याची आहे. अनेक मैदानांवर असा नियम असे व कांहीं ठिकाणीं अद्याप आहे कीं, ठरलेली किंमत देऊन प्रतिस्पर्ध्यानें जिंकणाऱ्याचें एंजिन मागावें आणि त्यानें तें द्यावें. जो नाकारील, तो बक्षिसास मुकेल. शेकडो डॉलरांस जाऊं शकेल अशा एंजिनावर हजारों डॉलर कोण ओतील? येथें पहारेकऱ्याचें काम लोभाकडूनच करून घेतलें आहे.

दुसरी तोड मोहरबंद एंजिनाची. या शतकाच्या आरंभापासून जनरल मोटर्स कंपनीचीं ‘६०२’ व ‘६०४’ हीं एंजिनें लहान मैदानांवर फार चालूं लागलीं. पहिल्याची शक्ति सुमारें ३५० व दुसऱ्याची सुमारें ४०० अश्वशक्ति. तीं कारखान्यांतूनच विशिष्ट बोल्टांनीं बंद होऊन येतात. बोल्ट काढला कीं लबाडी उघड व्हावी. पण कांहींनीं तसलेच खोटे बोल्ट बनविले, तेव्हां संस्थांना आपापलीं क्रमांकित सीलें लावावीं लागलीं!

या दुसऱ्या उपायाविरुद्ध एक तक्रार आहे, ती आम्हांस विचार करण्याजोगी वाटते. ज्याच्याजवळ पैसा नव्हता पण हातांत कसब होतें, तो आपल्या छपरांत रात्र रात्र जागून स्वतः एंजिन जुळवी. तें ज्ञान हेंच गरिबाचें भांडवल होतें. एंजिन मोहरबंद झालें आणि धनवानाच्या थैलीबरोबर याच्या कसबालाही कुलूप बसलें. म्हणून कित्येक ठिकाणीं दोन्ही प्रकारचीं एंजिनें एकत्र धांवूं देतात व बलवान् एंजिनाच्या गाडीस अधिक वजन वाहावयास लावून तोल साधतात. तरीही तोल कोणाकडे झुकला, हा वाद मिटत नाहीं.

शेवटीं शिक्षेचा प्रश्न. १९८३ च्या आक्टोबरांत शार्लटनजीकच्या दीड मैलाच्या मोठ्या मैदानावर रिचर्ड पेटी या नामांकित चालकाची गाडी पहिली आली. मर्यादा ३५८ घन इंचांची असतां तिचें एंजिन सुमारें ३८२ भरलें. ३५,००० डॉलर दंड झाला, १०४ गुण कापले गेले. पण विजय मात्र त्याच्याच नांवावर राहिला. दंड भरून विजय ठेवतां येतो, असा याचा अर्थ कोणीं केला तर त्यास दोष कसा द्यावा? पुढें २०१९ सालीं नॅस्कारनें आपल्या राष्ट्रीय मालिकांपुरता असा नियम केला कीं, गंभीर दोष आढळल्यास विजयच काढून घ्यावा. म्हणजे सत्तर वर्षांनीं ती संस्था शार्लटच्या त्या पहिल्या निर्णयाकडे परत आली.

बालमित्रहो, सर्व गाड्या तंतोतंत सारख्या करणें कोणत्याही नियमास साधलेलें नाहीं, आणि साधणारही नाहीं. नियमाचा हेतु एवढाच कीं, पोटापुरतें मिळविणाऱ्या माणसालाही शनिवारीं रात्रीं मैदानांत उतरतांना आपण जिंकूं शकूं अशी आशा वाटावी. तो हेतु सिद्धीस नेणें तपासनीसाच्या एकट्याच्या हातीं नाहीं. आपली पोत्यांची शर्यत संपल्यावर पंच पोतें मोजावयास आले, तर पहिल्या आलेल्या मुलानें तें आपण होऊन त्यांच्या हातीं द्यावें. मागून हरलेला मुलगाही त्याच्यासाठीं टाळी वाजवील.