पाताळाची जबानी

कोकणातल्या उन्हवऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसलेल्या यात्रेकरूस खाली कोठे तरी ज्वालामुखी धुमसत असावा असे वाटते. परंतु दख्खनचे लाव्हारस थिजून सुमारे साडेसहा कोटी वर्षे लोटली आहेत, आणि आपली उन्हाळी, म्हणजे हे गरम झरे, म्हणजे भेगांवाटे खोल उतरून, भूगर्भातील उष्णतेने तापून परतलेले पावसाचेच पाणी होय. खऱ्या ज्वालामुखीच्या झऱ्यांची व वायूंची कैफियत ऐकायची, तर दर्यापार जावे लागते.

ती पद्धतशीरपणे ऐकणाऱ्या पहिल्या मंडळींत जर्मन रसायनज्ञ रॉबर्ट बुन्सेन याची गणना करावी लागेल. हेक्ला पर्वत फुटल्याच्या दुसऱ्याच वर्षी, १८४६ मध्ये, तो आइसलँडला पोहोचला, आणि तेथील प्रसिद्ध गायसरच्या, म्हणजे उसळत्या गरम पाण्याच्या कारंज्याच्या, नळीत त्याने तापमापक दोरीने खाली सोडले. तळाचे पाणी १२० अंशांच्याही वर असून ते उकळत नव्हते, कारण वरच्या पाण्याचा भार त्यास दाबून धरीत होता. ते किंचित वर उचलले गेले, दाब उतरला, की एकाएकी वाफ होऊन सारा स्तंभ आकाशात उसळतो, हे त्याने ताडले.

वायूंचा मामला मात्र अधिक कटकटीचा, कारण वायू नळीत येण्यापूर्वीच त्यात हवा मिसळते आणि साक्ष बिघडते. ज्वालामुखीच्या मूळ वायूंत पाणी नसतेच, असा जिनिव्हाच्या आल्बेर ब्रुन याचा दावा होता. १९१२ साली हवाईतील किलाउएआ ज्वालामुखीच्या लाव्हासरोवरापाशी डे आणि शेफर्ड या दोघांनी हवेचा संपर्क न येऊ देता पंपाने वायू ओढला, तो काचेच्या नळ्यांत चक्क पाणी साचले. दावा निकालात निघाला.

पुढे न्यूझीलंडच्या वेर्नर गिगेनबाख याने, १९७५ च्या एका छोटेखानी निबंधात, या साऱ्या खटाटोपाला साधे रूप दिले. निर्वात केलेला काचेचा चंबू, आत कॉस्टिक सोड्याचे तीव्र द्रावण, आणि तोंडाशी एक तोटी: एवढाच सरंजाम. धूममुखात, म्हणजे वायू बाहेर पडणाऱ्या भेगेत, नळी खुपसून तिच्या भोवतीची फट राखेमातीने लिंपतात, नळीतली हवा वायूनेच हाकलू देतात, मग तोटी उघडतात. वाफ गार होऊन पाणी बनते, कार्बन डायऑक्साइड व गंधकाचे वायू द्रावणात जिरतात, आणि नायट्रोजन, आर्गॉन, हायड्रोजन, मिथेन अशी न जिरणारी किरकोळ मंडळी वरच्या पोकळीत जमून मोजण्याजोगी होतात. चंबू आधी तोललेला असतोच. वाढलेले वजन हाच आलेल्या मालाचा हिशोब. पोकळीत ऑक्सिजन आढळला, की हवा शिरली हे समजावे. शिवाय नायट्रोजन-आर्गॉनचे प्रमाण हवेत सुमारे ८४, हवा विरघळलेल्या पाण्यात त्याच्या निम्म्याहून कमी, तर द्वीपमालांच्या कित्येक ज्वालामुखींत शेकड्यांनी; त्यावरून वायूचे कूळ कळते. मला तर या शास्त्रातली खरी विद्वत्ता प्रयोगशाळेपेक्षा त्या राखेच्या लिंपणात दिसते.

हे काम धोक्याचेही आहे. धूममुखापाशी सडक्या अंड्यांचा वास येतो तोवर बरे. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण फार चढले, की घ्राणेंद्रियच बधिर होते, आणि वास गेला म्हणून सुटकेचा श्वास घेणारा फसतो.

कोलंबियातील गालेरास ज्वालामुखी १४ जानेवारी १९९३ रोजी, परिषदेसाठी जमलेले शास्त्रज्ञ त्याच्या मुखात उतरले असतानाच फुटला. नऊ जण गेले, त्यांत धूममुखांचे वायू गोळा करण्यात हयात घालवलेला रशियाचा इगोर मेन्यायलोव्ह होता. गिगेनबाखलाही मृत्यूने १९९७ च्या नोव्हेंबरात गाठले, ते पापुआ न्यू गिनीतील राबाउलच्या ज्वालामुखीपाशी, मोहिमेवर असतानाच.