छातीवर कॅमेरा लावलात, पण लायसन्स कुणाचं?

बदलापूर पूर्वेला शिरगावात नव्या टॉवरच्या गेटवर रात्री जो बसलेला असतो, तो तुमच्याच वर्गातला असू शकतो. दिवसा कॉलेज, रात्री ड्युटी, नवरात्रात गरब्याला नाहीतर कुणाच्या हळदीला बाउन्सर. पॉकेटमनी सुटतो, घरीही चार पैसे जातात. या कामात युनिफॉर्म आणि शिट्टीच्या जोडीला आता छातीवर लावायचा बॉडी कॅमेराही आलाय. सुपरवायझर सांगतो, "लाल लाइट लागली की चालू." झालं ट्रेनिंग!

आधी लायसन्सचं बघू. खासगी सुरक्षा एजन्सींसाठी 2005 चा केंद्रीय कायदा आहे. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून धंद्यात त्याला 'पसारा' म्हणतात (नाव ऐकून हसू नका). लायसन्स लागतं ते एजन्सीला, तुम्हाला नाही. विनालायसन्स एजन्सी चालवली तर एक वर्षापर्यंत कैद, 25 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुमचं मात्र वय 18 पूर्ण हवं, चारित्र्य पडताळणी व्हायला हवी, फोटोचं ओळखपत्र मिळायला हवं. आणि ट्रेनिंग? केंद्राच्या नमुना नियमांत 100 तास वर्गात आणि 60 तास प्रत्यक्ष मैदानावर. लाल लाइटचं एक वाक्य नव्हे! लायसन्स ऑफिसात दिसेल असं लावणं एजन्सीला बंधनकारक आहे. जॉइन होताना भिंतीकडे बघा. नसेल तर विचारा. विचारल्याचा राग आला, तर तिथेच काय ते समजून जा.

पण या कायद्यात बॉडी कॅमेऱ्याचं नावही नाही. ब्रिटनमध्ये कंत्राटावर सीसीटीव्हीतून लोकांवर नजर ठेवणाऱ्याला गार्डपेक्षा वेगळं लायसन्स काढावं लागतं. आपल्याकडे तसं काही नाही. म्हणून कसंही शूट करायला मोकळीक आहे असं समजू नका. ड्युटीवर कळलेली माहिती मालकाने सांगितल्याशिवाय गार्डने बाहेर द्यायची नाही, हे 'पसारा'तच लिहिलंय. अपवाद पोलीस तपास आणि कायदेशीर प्रक्रियेचा. म्हणजे सोसायटीतल्या भांडणाची क्लिप मित्रांच्या ग्रुपवर टाकलीत, तर ती गंमत राहत नाही. कुणाच्या खासगी अवयवांचं चित्रण संमतीशिवाय केलं किंवा पुढे पाठवलं, तर आयटी कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गरब्यात पर्स तपासणाऱ्या, चेंजिंग रूमबाहेर उभ्या राहणाऱ्या मुलींनी हे जास्त लक्षात ठेवावं. तिथे कॅमेरा बंद करायचाय हे आधीच ठरवून घ्या.

फुटेजची किंमत बदलापूरला वेगळी सांगायला नको. ऑगस्ट 2024 मध्ये शाळेतल्या चिमुरड्यांवरच्या अत्याचारानंतर 20 तारखेला लोक रुळांवर उतरले. त्या शाळेतलं पंधरा दिवसांचं सीसीटीव्ही चित्रण गायब असल्याचं तेव्हाचे शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनी सांगितलं होतं. कॅमेरा नुसता असून भागत नाही. फुटेज कुठे साठतं, किती दिवस राहतं, कोण पुसू शकतं, खरी गोम तिथे आहे.

आणि फुटेज असलं तरी कोर्टात ते तसंच उभं राहत नाही. जालन्याच्या 2014 च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत भरले की नाही, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या व्हिडिओवर आला. अर्जुन खोतकर यांच्या त्या खटल्यात 2020 साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं, इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र हवंच. आता तीच अट भारतीय साक्ष अधिनियमात आहे. तुमच्यावर कुणी हात उगारला, ते रेकॉर्डही झालं, पण सुपरवायझरने क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर घेऊन मूळ फाइल उडवली, तर तुमची बाजू लंगडी पडते.

कॅमेरा तुमच्या बाजूनेही असतो, बरं का. मध्य रेल्वेने 2023 मध्ये मुंबई विभागातल्या तिकीट तपासनीसांना 50 बॉडी कॅमेरे दिले, ते प्रवासी आणि टीसी यांच्यातल्या वादात खरं काय ते कळावं म्हणून. गार्डलाही रोज शिव्या खाव्या लागतात. "आत का सोडत नाहीस, माहितीय का मी कोण?" हे रेकॉर्ड होतंय म्हटल्यावर बऱ्याच जणांचा आवाज खाली येतो.

एका रात्रीच्या कामाला बोलावणारा "कॅमेरा कशाला, स्वतःच्या मोबाइलवर शूट कर" म्हणाला, तर सरळ नाही म्हणा. राडा झाला की पुरावा म्हणून पोलीस मोबाइल ताब्यात घेतील. तो तुमचा असेल, त्याचा नाही.